दोघांच्या वजनाचा फोर्क

"हा फोर्क आहे की पहार?" मोटरसायकल स्टँडवर लावायच्या आधीच तो ओरडला. "पुढचं चाक खड्ड्यात गेलं की ठणका मनगटातून थेट दाढेत येतो!"

गॅरेजवाल्या काकांनी हातातला टायर खाली ठेवला नाही. हातात टायर असला की गिऱ्हाईक जरा लांब उभं राहतं, असा त्यांचा अनुभव होता.

"परवा मऊ आहे म्हणालात."

"परवा गळत होता! सील बदला, ऑइल बदला, एवढंच सांगितलं होतं. आतल्या स्प्रिंगांना हात लावायचा नाही, हेही सांगितलं होतं. त्या मी स्वतः बसवल्यात. जाड तारेच्या, खास मागवून."

"स्वतः?"

"स्वतः."

काकांनी मागच्या पत्र्याच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

"बरं," ते म्हणाले. "पण मी टायरवाला माणूस. फोर्कचं काम आतलं डोकं बघतं."

गॅरेजच्या पाटीवर 'पंक्चर, ब्रेक, चेन' या उडालेल्या अक्षरांखाली 'फोर्कची कामे' ही ओळ होती. तिचा रंग हाताला लागेल इतका ताजा होता.

"मग बोलवा त्या डोक्याला बाहेर."

"ते येत नाही. गिऱ्हाइकाशी बोलणार नाही, या अटीवरच कामाला लागलंय."

काका पत्र्याच्या दाराआड गेले. थोडी कुजबुज झाली. एक पाना जोरात आपटला. काका बाहेर आले.

"फोर्क दोघांच्या वजनाला लावलाय. ब्रेक मारला की मागच्याचंही वजन पुढे येतं. म्हणून कडक."

"दोघं आली कुठून? मी एकटा चालवतो!"

"डोकं म्हणतं, सीट दोघांची आहे."

त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. "हे बघा काका, माझी बायको रुसून बहिणीकडे गेलीये. फोन उचलत नाही. मेहुणी तर फोनवर धडधडीत सांगते, ती इथे नाहीच. खोटारडी! रविवारी घाट उतरून मी स्वतः जाणार आणि तिला घेऊन येणार. जाताना मी एकटाच असणार ना?"

"आणि येताना?"

त्याने शेजारच्या टायरला लाथ मारली. टायर ट्रकचा होता. तो लंगडत घरी गेला आणि त्याचाही दोष फोर्कला दिला.

फोर्क पुन्हा लावायला गाडी तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी ती घेऊन तो चौकापर्यंत गेला आणि उलटा फिरला.

"काल पहार होती, आज पहारीचा बाप आहे! आणि हँडल खाली कोणी केलं? क्लच इतका जवळ आणलाय की माझी बोटं दुमडतात. कोणाच्या हाताचं माप घेतलं, बाहुलीच्या?"

"डोकं म्हणतं, हेच माप बरोबर आहे."

"आणि हे काय?" फोर्कच्या चकचकीत नळीवर लाल, कापडी रबर चढवलं होतं.

"फोर्क दबला की ते वर सरकतं आणि तिथेच थांबतं. किती दबला ते कळतं."

"त्याला लोक प्लॅस्टिकची पट्टी बांधतात! एवढी गरिबी आलीये?"

"आत जे हाताशी होतं ते लावलं."

तो आता कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आपल्याला सगळं उमगलं आहे, अशी ती उभं राहायची पद्धत होती.

"काका, आत कोणी नाहीच. फोर्कची वाट तुम्हीच लावता आणि आत जाऊन एकटेच कुजबुजता. काय कळतं हो तुम्हाला फोर्कमधलं?"

"काही नाही," काका म्हणाले. "पण तुम्हाला कळतं. स्प्रिंगा तुम्हीच बसवल्यात ना? मग उघडा. हा घ्या पाना."

त्याने पाना घेतला. फोर्कभोवती एक चक्कर मारली. पाना वरच्या नटाला लावला, मग खालच्या, मग हळूच हॉर्नच्या. हॉर्न वाजला.

"तो फोर्क नाही," काका म्हणाले.

पाना भिंतीवर जाऊन आदळला.

"नाही येत मला! झालं समाधान? तिने बसवल्या स्प्रिंगा! स्वयंपाकाच्या ओट्यावर, ऑइल पातेल्यात काढून! मी फक्त टॉर्च धरली होती, तीसुद्धा तिच्या डोळ्यांवर! आणि मित्र जेवायला आले तेव्हा छाती काढून म्हणालो, मी बसवल्या. तिने हातातलं ताट ठेवलं आणि चालती झाली. मी गाढव आहे! आता जा आत आणि सांगा तुमच्या त्या नसलेल्या डोक्याला, गाढव एकटंच आहे, फोर्क एका गाढवाच्या वजनाला लाव!"

एवढं ओरडल्यावर त्याला दम लागला.

काकांनी पहिल्यांदाच टायर खाली ठेवला आणि पत्र्याच्या दारावर दोन थापा मारल्या.

दार उघडलं. आतलं डोकं बाहेर आलं. केस मोकळे होते, हात कोपरापर्यंत तेलकट. त्याच्याकडे ढुंकूनही न बघता, नळीवरचं लाल रबर खाली ओढून ते मोटरसायकलवर पुढे बसलं. क्लच दाबून पाहिला. बोटं बरोबर पोचली. लाल रबर थोडंसंच वर सरकलं.

"मागे बस," त्याची बायको म्हणाली.