पहिला घोट

कामगारांच्या पेन्शनसाठी उपोषणाला बसलेल्या खानदेशी सुकलालचा सुरतमधल्या डिंडोलीच्या मांडवात जीव कंठाशी आला होता. समोर टीव्हीवर खानदेशचेच मंत्री संसदेत घटनादुरुस्तीची बाजू मांडत होते. "कामगाराची पेन्शन आता घटनेतच लिहू!"

"वहिनी, जिंकलो! पाजा आता लिंबूपाणी," सोबतचा कामगार वाल्मिक रडत-हसत ओरडला.

सरलाबाई पेला घेऊन नवऱ्याजवळ बसली, पण नजर टीव्हीवरच होती. मंत्री खाली बसले, माईक बंद झाला, तसे ते शेजारच्याकडे झुकून काही बोलले. यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म काढलेली सरलाबाई माणसाचं बोलणं ओठांवरूनच ओळखायची.

"तो सुरतचा उपोषणवाला उठू दे, मग हे कलम गाळू."

 

सुकलालने घोटासाठी तोंड उघडलं, आणि सरलाबाईने पेला मागे घेतला.