रबरी गांडूळ

"रबरी गांडुळावर मरळ काढून दाखवतो, नाहीतर मिशी उतरवतो!" शालिग्रामनं साळ्याशी पैज लावली खरी, पण ऐन रविवारी ऑनलाइन मागवलेलं पाकीट रिकामं.

"बिचारे निपचित पडले होते," त्याची बायको सोजरबाई म्हणाली. "माह्या गांडूळखतात सोडले. दोन दिवसांपासून पाणी शिंपून राह्यली, पण मेले लय आळशी!"

त्यानं घाईघाईनं खत उकरलं. चिखलानं माखलेलं जे गांडूळ हाती लागलं ते गळाला ओवलं, गळाचं टोक त्याच्याच पोटात लपवलं आणि तळ्यात फेकलं. हातभर मरळ लागली! शालिग्राम काठावर नाचत सुटला.

साळ्यानं मरळीच्या तोंडातून गळ काढला अन् हसत हसत खालीच बसला.



"भाऊजी, मिशीले शेवटचा पीळ द्या. तुमचं रबर वळवळून राह्यलं!"