नियमात न बसणारी मावशी

पलटणीच्या महिन्याच्या दरबारात कर्नलसाहेबांनी विचारलं, "कुणाचं काही गाऱ्हाणं?" आणि तीनशे जवानांत एकटा शिपाई हणमंत मेंगाणे उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या सुभेदारांनी मागे वळून डोळे वटारले. पण आता खाली बसायची सोय नव्हती.

"साहेब, माझी मावशी आता जास्त दिवस काढायची नाही. सुट्टीचा अर्ज तीनदा फेटाळला."

"नियमात आईबाप बसतात, साहेब," सुभेदार म्हणाले. "मावशी बसत नाही."

तिन्ही अर्जांवर त्यांनीच लाल पेनाने काट मारली होती. 'मावशी खोड, आई लिही,' असं बराकीत सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. हणमंतने ऐकलं नव्हतं.

"साहेब, माझे भरतीचे कागद मागवा. मी लढाईत पडलो तर कुणाला कळवायचं, तिथे एकच नाव आहे. मावशीचं."

कारकून फाईल आणि अर्ज घेऊन आला. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं, अर्ज पुढे ओढला आणि पेनासाठी हात केला.

सुभेदारांनी खिशातलं पेन काढून दिलं. लालच होतं.