आठ दिवसांचा परवाना

कणकुंबीच्या रवळूची बायको जयाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, गोव्याच्या हद्दीत. तेवढ्यात लढाई पेटली आणि वाटेवर पहारा बसला. पोर्तुगीज मुलखातल्या माणसाला परवान्याशिवाय इकडं पाऊल टाकता येईना, की इकडच्याला तिकडं जाता येईना. पोरगं चालायला लागलं, तरी रवळूनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

बायकोपोराला इकडं आणायच्या परवान्यासाठी पावसापाण्यात चालत जाऊन रवळू खानापूरच्या कचेरीत हेलपाटे घालत राहिला. शेवटी कारकुनालाच दया आली.

"लग्नाची बायको न्हवं रं तुझी? मग आठच दिवसांचा परवाना कशाला मागतोस? कायमचाच माग. मी साहेबांना सांगतो."

रवळूनं घाईनं हात जोडले.



"नगं, रावसाहेब. आठ दिवस लई झाले. पोरगं माझ्या नव्या बायकोकडं रमलं, की हिला परत हद्दीवर नेऊन सोडतो."