डोकी मोजा

वसुधाचं बोट कंट्रोल रूममधल्या बटणाशी थांबलं. ते दाबलं, की नव्वद किलोमीटरवरच्या उपकेंद्रातला स्विच चालू होऊन लाइनमध्ये वीज जाणार होती. तोच स्विच तीस वर्षं हाताने ओढून निवृत्त झालेले तिचे बाबा मागे उभे होते.

लाइनवरचं दुरुस्तीचं काम संपल्याचा निरोप आला होता. तरी तिने तिथल्या लाइनमनला फोन लावला. "काका, लाइन सोडतेय. डोकी मोजा."

"सगळे खाली आलेत, मॅडम."

"मोजून सांगा."

"एक, दोन, तीन... थांबा, मॅडम! चौथा पक्कड विसरला म्हणून परत खांबावर चढलाय!"

बाबांची मूठ हँडल धरल्यासारखी आवळली. चौथाही उतरल्याचं काकांनी सांगितल्यावरच वसुधाने बटण दाबलं.

"डोकी मोजायचं कुठल्या पुस्तकात आहे?" कंट्रोल रूमच्या साहेबांनी विचारलं.

बाबांनी मूठ सोडली. "पुस्तकात नाही, साहेब. लहानपणी माझा डबा घेऊन यायची, तेव्हा बघितलंय तिनं."