वय बारा

वाढीचं हार्मोन तपासायला सृष्टीला धाराशिवच्या दवाखान्यात आणलं होतं. उपाशीपोटी दिलेल्या गोळीनं तिचे डोळे मिटत होते, आणि दर अर्ध्या तासानं सिस्टर तिच्या हाताला लावलेल्या सुईतून रक्त काढत होती. दर वेळी बाटलीवरची चिठ्ठी वाचायची, "सृष्टी, वय बारा. बरोबर ना?" आणि दर वेळी पोरीची आई दैवशाला मान हलवायची.

"आई, आजून किती येळा?"

"झालंच बघ, बाळा."

डॉक्टर एक्स-रे घेऊन आले. "वय बारा, पण हाडं नऊ वर्षांची दिसतायत. म्हणून तर एवढं तपासतोय. गोळीनंही हार्मोन वाढलं नाही, तर पुढं काही वर्षं रोज इंजेक्शन घ्यावं लागेल."

ते गेल्यावर दैवशाला नवऱ्याजवळ सरकली. "आवो, सांगून टाकू का?"

"गप ऱ्हा," योगीराज दबक्या आवाजात म्हणाला. "आधार, शाळा, समदं त्याच दाखल्यावर हाय."

सिस्टर चौथी बाटली घेऊन आली. या खेपेला तिनं पोरीलाच विचारलं, "सृष्टी, वय बारा ना गं?"

"व्हय, बारा," सृष्टी झोपेतच म्हणाली आणि तिनं हात पुढं केला.

 

ज्या सृष्टीचा तो जन्माचा दाखला होता, ती दीड वर्षाची असतानाच तापानं गेली होती. तिच्या माघारी जन्मलेल्या ह्या नऊ वर्षांच्या पोरीला त्यांनी तेच नाव दिलं होतं, आणि तोच दाखला.