धाकटा

"वहिनी, ही उशी जरा वर सरकवता का?"

सख्ख्या नवऱ्यानं असं म्हटल्यावर बायकोनं करावं काय? तिनं उशी सरकवली. डायलिसिसचं मशीन त्याचं रक्त नळीतून बाहेर नेत होतं, धुऊन परत आणत होतं. एरवी या पलंगावर तो गळून पडलेला असायचा. आज डोळे लकाकत होते आणि चादरीखाली पाय ठेका धरत होता.

धाकटा आला होता. खरं तर नवरा एकुलता एक. त्याला धाकटा भाऊ येणार कुठून? पण डोकं सुसाट सुटलं की तो वेगळाच माणूस व्हायचा, आणि सासूबाईंनी त्या माणसाला ठेवलेलं हे नाव चिकटलं ते चिकटलं. मागच्या खेपेला धाकटा गच्चीच्या कठड्यावरून चालला होता. त्यानंतर लिथियमची गोळी सुरू झाली आणि तो पुन्हा दिसला नाही. गोळीनं डोकं राखलं, किडन्या मात्र खाल्ल्या.

"काकू, यांना गोळी कधी देता?" सिस्टरनं विचारलं.

"सकाळी, चहाबरोबर. इतक्या वर्षांत कधी चुकवली नाही हो."

"अहो, डायलिसिसच्या दिवशी ती मशीन काढल्यावर द्यायची. आधी दिली तर मशीन तीही धुऊन टाकतं."

म्हणजे इतके दिवस सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आणि ओतणारी ती स्वतःच.

मशीन थांबलं. सिस्टरनं डॉक्टरांना फोनवर विचारलं, गोळी तिच्या हातावर ठेवली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली.

धाकटा उठून बसला. "वहिनी, ही तुम्ही मला घालवायला देत होता ना? मला काय झालं? मी हा बसलोय ठणठणीत. किडन्या गेल्या त्या दादाच्या."

खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. क्षणभर गोळीवर तिची मूठ मिटली. पण गोळी दिली नाही, तर घरी न्यायचं तरी कोणाला?

तिनं गोळी पुढे केली. "अहो," ती जन्मभर म्हणत आली तशीच म्हणाली, "घ्या ना. घरी जायचंय आपल्याला."

त्यानं तोंड उघडलं नाही. शेजारच्या रिकाम्या पलंगाकडे वाकून त्यानं चादरीवर हळूच थोपटलं.

"दादा, ऊठ. वहिनी बोलावतायत."